महालक्ष्म्यांच्या आधी

डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीचा कागद बाजूला सारला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि दामिनीकडे सरळ पाहत विचारलं, “आता तुम्ही सांगा, तुम्हाला काय वाटतं?” झालं ते एवढंच. त्याआधी त्या बरंच बोलल्या होत्या. पिशवीत गाठी आहेत, एक तर चांगली मोसंबीएवढी आहे. दोन वर्षं अंगावरून जातंय, त्यामुळे रक्त फार उतरलंय. ते आधी इंजेक्शनं देऊन भरून काढावं लागेल आणि त्याला दोनेक महिने जातील. मग दोन वाटा. आत एक छोटं साधन बसवून पाहायचं, त्यानं जाणं कमी होईल किंवा होणारही नाही. नाहीतर पिशवी काढायची, अंडाशय तेवढे ठेवून. कॅन्सरबिन्सर काही नाही, ते तपासून झालंय, तेव्हा कुणी मागे लागलेलं नाही. लग्नात भटजीचं ऐकतात तसं दामिनीने हे सगळं मान डोलावत ऐकलं होतं, शेवटी काय करायचं ते कुणीतरी सांगेलच या भरवशावर. आणि नेमका तिथेच हा प्रश्न आला. “तुम्हीच सांगा ना मॅडम,” ती म्हणाली. “मी दोन्ही सांगितलं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “दोन्हीत चूक काही नाही. पण त्याच्यासोबत राहायचं तुम्हाला आहे. थोडे दिवस घ्या, विचार करा, मग या.” आणि त्यांनी पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली.

बाहेर येऊन ऑटोत बसल्यावर दामिनीला आधी हसू आलं आणि मग स्वतःचाच राग आला. राजापेठेत तिचं ब्लाऊज शिवायचं दुकान होतं. लग्नानंतर एका जुन्या मशीनवर सुरू केलेलं, आता कटिंगचं टेबलच भिंतीएवढं झालेलं. त्या टेबलाशी उभी राहून ती जन्मभर बायकांना विचारत आली होती: गळा कसा ठेवू? बाही कुठवर? मागे नाडी की हूक? आणि आलेल्या बायकांपैकी बहुतेक जणी म्हणायच्या, “तुमीच पाहा ना ताई, तुमाले समजते.” दामिनीला मनातून चीड यायची. अगं बाई, अंग तुझं, घालणार तू, उन्हात घामेजणार तू, आणि मी काय पाहू? एकदा तर एका मास्तरणीला तिने तोंडावर म्हटलं होतं की ताई, आरशापुढे उभ्या राहा, डोळे मिटा, काय हवं ते आठवा, मग मला सांगा. ती मास्तरीण पुन्हा दुकानात आली नाही. आणि आज स्वतःवर पाळी आली तर दामिनीबाई चिमणीच्या आवाजात म्हणतात, तुम्हीच सांगा ना मॅडम. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. राजकमल चौकात ऑटो थांबला तेव्हा तिने खरोखरच डोळे मिटून पाहिलं. आत काही दिसलं नाही. ओटीपोटातलं ते रोजचं जड ओढणं तेवढं जाणवलं, भिजलेल्या सतरंजीचा पिळा खाली लोंबावा तसं.

तेवढ्यात अकोल्याहून जाऊबाईचा, प्राजक्ताचा फोन. “काय म्हने डॉक्टर? काढाच म्हनत असन ना? बरं झालं. ताई, महालक्ष्म्यांच्या आधी उरकून टाका. दोन बाटल्या रक्त लावलं का आषाढातच होऊन जाते, अन् भादव्यापर्यंत तुमी उभ्या. मंग दरसालच्या गोयीची झंझट नाई का काही नाई.” प्राजक्ता मनाने वाईट नव्हती. उलट तिच्या बोलण्यात मायाच होती, म्हणून तर ते बोलणं दामिनीच्या अंगात काट्यासारखं राहिलं. शत्रूचा काटा उपटून फेकता येतो, मायेचा काटा ठेवूनच घ्यावा लागतो.

सासरच्या महालक्ष्म्या अकोल्याला बसत, डाबकी रोडच्या घरी, जिथे धाकटा दीर नितेश आणि प्राजक्ता सासूसोबत राहत होते. भाद्रपदातले ते तीन दिवस. पत्र्याच्या दोन कोठ्या, त्यांच्या पोकळ पोटात आधी गहू आणि लाडू-करंज्या भरायच्या, मग त्यांना साड्या नेसवायच्या, वर पितळी मुखवटे बसवायचे. दुसऱ्या दिवशी पुरणाचा, सोळा भाज्यांचा, आंबिलीचा स्वयंपाक, तो सोवळ्यानेच व्हायचा आणि मोठ्या सुनेच्याच हातचा व्हायचा. मोठी सून म्हणजे दामिनी. आता बाईचं अंग काही पंचांग पाहून चालत नाही. म्हणून लग्नाच्या पहिल्या वर्षापासून पाळी पुढे ढकलायची गोळी. श्रावण सरत आला की मेडिकलवाल्याला बायकांचे चेहरे पाहूनच समजायचं. दुकानात पुरुष गिऱ्हाइकं असली की बायका औषधाचं नाव घ्यायच्या नाहीत, नुसतं म्हणायच्या, ती महालक्ष्म्यांची गोळी द्या. तोही काही न विचारता पाकीट पुडीत बांधून द्यायचा. गोळीने डोकं चढायचं, छाती दगडासारखी व्हायची, आणि तीन दिवस संपून गोळी थांबली की अंग असं काही सूड उगवायचं की अमरावतीला परतताना बसमध्ये बसवत नसे. दामिनीने याबद्दल कधी तक्रार केली नव्हती. घरोघरी मातीच्या चुली, आणि प्रत्येक चुलीपुढे गोळी घेतलेली एक बाई.

एका वर्षी गोळी फसली. पुरण वाटता वाटता, हात कोपरापर्यंत पिवळे असताना, तिला मांडीवरून ऊन ओघळ उतरल्यासारखं झालं. बाहेर पंगत बसायची होती, सासरे खुशालराव तेव्हा हयात होते आणि ते या बाबतीत फार कडक. दामिनी पाट्यापाशी तशीच गोठून बसली. सासूबाई, पार्वताबाई, पलीकडे पोळ्या भाजत होत्या. त्यांनी एकदाच वळून पाहिलं, दामिनीच्या चेहऱ्याकडे, मग खाली, मग पुन्हा चेहऱ्याकडे. आणि पुढच्या क्षणी मोठ्याने ओरडल्या, “पाय कसा भाजून घेतला ह्या पोरीनं! उकयतं पानी सांडलं! जाय, मागच्या खोलीत जाय, बर्नाल लाव, बाहेर येऊ नको!” घरभर कळलं की मोठ्या सुनेचा पाय भाजला. पुरण पार्वताबाईंनी पुढे ओढलं आणि वाटलं. दामिनीने वाटलेला अर्धा गोळा त्यांनी टाकला नाही, त्यातच मिसळला. हे दामिनीने मागच्या खोलीच्या दाराच्या फटीतून पाहिलं होतं. त्या दिवसापासून या बाईबद्दल तिच्या मनात जे काही होतं त्याला नुसता आदर म्हणता येत नव्हतं. आपण मोठेपणी असं व्हावं, असं लहान मुलीला वाटतं, तसं ते होतं. आणि दामिनी तेव्हा तिशी ओलांडलेली बाई होती.

पार्वताबाईंची गोष्ट नात्यात कहाणीसारखी सांगितली जायची. ऐन तिशीत, देवीच्या सोवळ्यात अडचण नको म्हणून, त्यांनी पिशवी काढून टाकली. देवीला वाहिलीच म्हणा ना. तेव्हापासून एक भादवा चुकला नाही, एक दिवस त्या बाजूला बसल्या नाहीत. लग्नाकार्यात पापड-कुरडयांच्या मुहूर्तालाही त्यांनाच बोलवायचे, कारण त्यांना कधीही बोलवावं, त्या कायमच्या स्वच्छ. खुशालराव तर पाहुण्यांना अभिमानाने सांगत. पार्वताबाई त्यावर काही बोलत नसत, पदर सारखा करून आत जात. दामिनीला ती कहाणी ऐकताना दर वेळी थोडी धडकी भरायची. एवढी श्रद्धा आपल्याला जमणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि आता जमो न जमो, तीच कहाणी तिच्या अंगावर मापाला लावून पाहत होते लोक. नवऱ्यानेही जेवताना म्हटलं, “आईनं तं तवाच काढली होती, काही झालं काय?” किशोर सरळ माणूस. पण पाटबंधारे खात्यात नोकरी करून करून त्याचं असं झालं होतं की कुठल्याही गोष्टीवर वरून कुणाची तरी मंजुरी आल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. “एकदा अकोल्याले जाऊन आईले इचारून घे,” तो म्हणाला. आणि खरं सांगायचं तर दामिनीलाही तेच हवं होतं. कुणीतरी सांगावं.

म्हणून दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून ती एकटीच अकोल्याच्या बसमध्ये बसली. सीटवर आधी घडी केलेला टॉवेल, त्यावर गडद तपकिरी साडी. गेली दोन वर्षं ती गडदच नेसत होती. बडनेरा मागे पडलं आणि दोन्ही बाजूंनी काळी जमीन सुरू झाली, सोयाबीन वीतभर आलेलं, मध्ये मध्ये तुरीच्या ओळी. प्रत्येक खड्ड्याला पोटात ती मोसंबी हलायची, निदान तिला तसं वाटायचं. तिच्या मनात एकच वाक्य फिरत होतं, जे गेल्या महिन्यात वेगवेगळ्या तोंडांतून तिने ऐकलं होतं. आता त्याचं काम काय? पोरगी मोठी झाली, खुशी यंदा बारावीला, क्लासला जाते, आता त्या पिशवीचं काम काय? म्हणजे गरज सरो, वैद्य मरो. दामिनीला त्या अवयवाच्या वतीने अपमान वाटायचा. तिने ते कधी पाहिलं नव्हतं, पाहणारही नव्हती. पण शिवणकाम करणाऱ्या बाईला कापडाची कदर असते, आणि ही तर अशी घडी होती की मुठीएवढी होती आणि अख्खं लेकरू मावेल एवढी उलगडली, आणि नंतर कुणी हात न लावता पुन्हा मुठीएवढी मिटली. अमरावतीत कुठला टेलर हे करून दाखवील? खुशीच्या वेळी नवव्या महिन्यात पोटावर हात ठेवला की आतून टाच लागायची. एवढीशी टाच, पण खणखणीत. दामिनी त्या वेळी मशीनवर बसलेली असली तर पायडल थांबवायची आणि ऐकायची. तिला आयुष्यात स्वतःच्या कुठल्या गोष्टीचं कौतुक वाटलं असेल तर ते त्या दिवसांत त्या टाचेचं आणि ती झेलणाऱ्या त्या जागेचं.

आणि दुसरं एक होतं, ज्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. खुशीनंतर चार वर्षांनी पाचव्या महिन्यात गेलेला तो मुलगा. मुलगा होता हे नर्सने सांगितलं, दाखवला नाही. त्याला नाव नव्हतं, फोटो नव्हता, त्याचे कपडे शिवायला दामिनीने मऊ मलमल आणून ठेवली होती, ती नंतर कुणाच्या तरी ब्लाऊजच्या अस्तराला गेली. त्याने जगात पाहिलं असेल ते एकच ठिकाण. दुसरं घर त्याला नव्हतंच. मूर्तिजापूरच्या स्टँडवर बस थांबली, कुणी खारे शेंगदाणे विकायला चढलं, आणि दामिनीच्या डोक्यात आलं की आता ते घरही पाडायचं. तिने खिडकीकडे तोंड करून पदराने डोळे पुसले. बाजूच्या बाईने विचारलं, “गाडी लागून राहिली काय माय? लिंबू देऊ?” दामिनीने लिंबू घेतलं आणि वास घेत बसली. त्या बाईला काय सांगणार? ज्याचं जळतं त्याला कळतं.

पण इथेही ती स्वतःला सोडायला तयार नव्हती. ठेवायची म्हणते ती त्या लेकरासाठी? की नुसता सगळ्यांचा राग म्हणून? सगळे काढ म्हणतात म्हणून मी ठेवणार, हाही काही विचार झाला? आणि काढली तर ती कोणासाठी? प्राजक्ताच्या भादव्यासाठी, किशोरच्या मंजुरीसाठी? ज्या बाजूने उचलावं त्या बाजूने दुसऱ्याचाच हात लागलेला. बोरगाव मंजू गेलं आणि अकोल्याचं ऊन लागायला लागलं तरी तिला काही सापडलं नव्हतं. सासूबाई जे म्हणतील ते करायचं, असं तिने ठरवलं आणि तिला थोडं हलकं वाटलं.

घरात पार्वताबाई एकट्याच होत्या. नितेश आणि प्राजक्ता दोघं नोकरीला गेलेले. मागच्या पडवीत खुर्चीवर बसून त्या घरच्या कापसाच्या वाती वळत होत्या, भादव्याच्या. पंच्याहत्तरीची बाई. मांडीचं हाड पडून मोडलं तेव्हापासून काठी आली होती, पाठीला बाक आला होता, पण नजर तीच. वात तळव्यावर ठेवून एकदा हात फिरवला की सारखी. “एकटीच आली?” त्या म्हणाल्या. “बरं केलं. पानी पे आधी. तोंड पाह्य कसं झालं, पांढरं फटक.”

दामिनी त्यांच्या पायाशी पाटावर बसली. तिने सगळं सांगितलं, गाठी, रक्त, दोन वाटा. “दोन्ही होते म्हने. ठेवताबी येते, काढताबी येते. मलेच इचारलं, तुमाले काय वाटते म्हून.”

पार्वताबाईंचा हात थांबला. “तुले इचारलं? डॉक्टरनं?”

“हाव.”

“अन् तू काय म्हनलं?”

“म्हनलं, तुमीच सांगा.”

“घ्या,” पार्वताबाई म्हणाल्या, आणि हसल्या. दात थोडेच उरले होते पण हसणं पुरतं होतं. “मंग आता माह्याकडं आली. मीबी सांगू का?”

“तुमी म्हनसान तसं करतो, आई. तुमी काढली ना. पन...” आजवर या बाईपुढे ती असं काही बोलली नव्हती. “मले देवासाठी काढाचं मन नाई होत. खरं सांगतो. तुमच्यासारखी मी नाई. पाप लागन तं लागू द्या.”

पार्वताबाईंनी हातातली वात खाली ठेवली. मग म्हणाल्या, “पुढचं दार लोटून घे.” दामिनी दार लोटून आली. “बस. मी देवासाठी नाई काढली.”

दामिनीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

“किशोर झाला, मंग पोरगी झाली ते गेली, मंग नितेश. मधात एक पडलं. इकडून उठली का तिकडं दिवस. अंगात काही राह्यलं नोतं. तुह्या सासऱ्याले म्हनलं, आता बस. त्याईनं तोंड फिरवलं. ऑपरेशनचं नाव त काढताच येत नोतं तवा. सरकारनं मानसं धरून धरून नसबंदी केली होती ना, त्याच्यानं गावात नुसतं ऑपरेशन म्हनलं तरी मानसं काठी घ्यायचे. माहे सासरे मोतीरामजी म्हनत, ह्या घरात पाच पोरं पाह्यजे. पाच! जसं काही त्याईलेच बसा लागत होतं बाळंतिनीच्या बाजंवर.” त्या पुन्हा हसल्या, पण या वेळी आवाज आला नाही. “मंग मी इचार केला. ह्या घरात मानूस कोनाले भेते? बाईले नाई भेत. डॉक्टरले नाई भेत. महालक्ष्म्यायले भेते.”

पुढचं त्यांनी तुकड्या तुकड्यांनी सांगितलं आणि दामिनी ऐकत राहिली. घर तेव्हा गावात होतं, भादवा तोंडावर होता. पार्वताबाईंनी वाटीभर कुंकू पाण्यात कालवलं, मोरीत बसून लुगड्याला लावलं, आणि ते लुगडं सासूच्या नजरेला पडेल असं वाळत घातलं. पुन्हा दोन दिवसांनी. पुन्हा. मग रडत सासूच्या पायाशी गेल्या की अंगावरून थांबतच नाही, देवीच्या सोवळ्यात मी कशी येऊ, आणि मी नाही आले तर नैवेद्य कोण करेल, देवी कोपली तर पोरांवर येईल. सासूने सासऱ्याला सांगितलं. मोतीरामजींचा चेहरा उतरला. कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी स्वतः जीप सांगितली आणि सुनेला अकोल्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरला थोडंसं खरं सांगितलं, थोडं खोटं. तोही काही फार विचारत बसला नाही. “सासऱ्यानं सोता नेलं मले,” पार्वताबाई म्हणाल्या. “जीपमधी पुढं बसवून. अन् गावात आल्यावर तेच सांगत सुटले का सुनेनं देवीले वाह्यली. मी काहून नाई म्हनू? बोलू दे म्हनलं.”

इतकी वर्षं जिच्या श्रद्धेपुढे ती मान खाली घालत आली होती, ती बाई श्रद्धेच्या पलीकडची निघाली. अख्खं घर, अख्खं गाव, मिशीवाले पुरुष, सगळ्यांना वाटीभर कुंकवात बुडवून ही बाई स्वतःचा जीव सोडवून बसली होती आणि चाळीस वर्षं पदर सारखा करून आत जात होती. दामिनीला हसू फुटलं आणि त्याच हसण्यात ती रडायला लागली. तिला एवढा अभिमान स्वतःच्या आईचाही कधी वाटला नव्हता. हे तिने बोलूनही टाकलं. “आई, तुमी... तुमच्यासारखं कोनी नाई.”

“चढवून नको ठेवू,” पार्वताबाई म्हणाल्या. “फुकट नाई झालं ते. सगळंच काढून टाकलं त्या डॉक्टरनं, अंडाशय का काय तेबी. तवा कोन इचारत होतं? पस्तिशीत म्हतारी झाली मी. अंगातून भट्टीसारखी आग निघे, थंडीत पदर टाकून अंगनात बसो. हाडं पाह्य, काडीसारखी मोडते. ते मीच भोगलं. पन पुन्हा बाजंवर नाई गेली.”

दामिनीने मग ती गोष्ट सांगितली, जी तिने किशोरलाही सांगितली नव्हती. त्या पाच महिन्यांच्या मुलाची, त्याच्या एकुलत्या एका घराची. बोलता बोलता तिला ते फार बालिश वाटू लागलं, पण ती थांबली नाही. पार्वताबाई शेवटी म्हणाल्या, “माही पोरगी चालत होती. पायात वाळे होते तिच्या. पिशवी काढली तवा दवाखान्यात मलेबी तसंच वाटलं. आता तिचं काहीच नाई राह्यलं. वाटलं, बरं, जाईन आता मनातून.” त्यांनी वात पुन्हा हातात घेतली आणि नुसतीच धरून ठेवली. “नाई गेली. लय येळा वाटलं जावं. नाई गेली.”

पडवीत ऊन सरकून पायऱ्यांवर आलं होतं. शेजारी कुणीतरी मिक्सर लावला आणि बंद केला. दामिनीने विचारलं, आणि विचारताना तिला ठाऊक होतं की ती पुन्हा तेच करते आहे, “मंग मी काय करू?”

“मले नको इचारू,” पार्वताबाई जरा कडक आवाजात म्हणाल्या. “मले कोनी इचारलं असतं, तं मी कुंकू कालवत बसली असती काय? तुले इचारलं एका शिकल्यासवरल्या बाईनं, अन् तू माह्याकडं पयत आली. मी काढ म्हनलं तं काढशीन, ठेव म्हनलं तं ठेवशीन. मंग माह्यात अन् मोतीरामजीत फरक काय राह्यला?”

दामिनीला अपमान वाटला नाही. उलट कुणीतरी पाठीत धपाटा घालून सरळ बसवावं तसं झालं. तिने डोळे मिटले. या वेळी प्राजक्ता तिथे नव्हती, किशोर नव्हता, देवीही नव्हती. कोण काय म्हणेल ते सगळं दारापलीकडे राहिलं होतं, लोटलेल्या. तिला काय दिसलं? फार काही थोर नाही. कटिंगच्या टेबलाशी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत उभं राहता येतंय, हे दिसलं. फिक्या रंगाची साडी. खुशी म्हणते तसं तिच्यासोबत चिखलदऱ्याला जाऊन पायी हिंडणं, मध्येच कुठे बाथरूम आहे का हे न शोधता. झोप. दोन वर्षं न मिळालेली, कूस बदलताना न दचकणारी झोप. तिला हे सगळं हवं होतं, आणि इतकं हवं होतं की तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि मग लाज वाटल्याचा राग आला. साधन बसवून पाहायचं, झालं तर झालं, नाही झालं तर पुन्हा तेच टॉवेल. तेवढा धीर आता तिच्याजवळ नव्हता. ज्या जागेने तिचं एवढं केलं, ती जागा आता थकली होती. सुडाने नाही, कंटाळून नाही, काम सरलं म्हणूनही नाही. थकलेल्या माणसाला आपण मोकळं करतो, तसं करायचं. आणि तो मुलगा? तो काही कुठे जाणार नव्हता. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत वाळे घातलेली एक पोरगी या पडवीतून गेली नाही, मग तो कसा जाईल?

तिने पर्समधून फोन काढला आणि किशोरला लावला. पार्वताबाई वाती वळू लागल्या होत्या, पण मान वर करून.

“काय म्हने आई?” किशोर म्हणाला. “काढ म्हनते ना?”

“आई काही नाई म्हनत.”

“मंग? डॉक्टरनं फोन केला काय?”

“नाई. काढतो मी. अंडाशय ठेवून. पन बाटल्या लावून घाई नाई करत, मॅडम म्हनते तसं इंजेक्शनानं रक्त भरू देतो, मंग.”

“दोन महिने? अवं पन ते तं ऐन महालक्ष्म्यात येते. सैपाक कोन करन? आधी करता येत असून...” तो थांबला. मग अगदी प्रामाणिकपणे, खरंच न कळल्यासारखं त्याने विचारलं, “मंग कायच्यासाठी? आईनं नाई सांगतलं, डॉक्टरनं नाई सांगतलं, महालक्ष्म्यायच्या आधीबी नाई. मंग सांगतलं कोनं?”

“कोनीच नाई,” दामिनी म्हणाली. पण पुटपुटल्यासारखं. “मले पाह्यजे म्हून.”

“आँ?” किशोर म्हणाला. “आवाज नाई आला.”

पार्वताबाईंनी काठी टेकली आणि खुर्चीतून उठल्या, दुखऱ्या मांडीवर भार देत, कुणाचा हात न धरता. दामिनीच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला.

“पुन्हा म्हन,” त्या म्हणाल्या. “मोठ्यानं म्हन. मले नोतं म्हनता आलं.”

दामिनीने फोन तोंडाजवळ धरला आणि पुन्हा म्हटलं, शेजारच्या अंगणात ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.